उरलेली बाटली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या सभांतून आजवर पुष्कळ विषयांवर बोलणे झाले. मुलांचा अभ्यास, मृत्युपत्र, बँकेचे व्यवहार, लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावे, अशा कितीतरी विषयांवर जाणत्या मंडळींनी आपल्याला चार गोष्टी सांगितल्या. परंतु कुत्र्याच्या कानावर या व्यासपीठावरून कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. चिटणीसबाईंनी विषय सुचवला तेव्हा मला प्रथम हसूच आले. मी म्हटले, "अहो, मी काही जनावरांची डॉक्टर नव्हे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच बोला. काय करावे ते डॉक्टर सांगतात. तुम्ही काय करून बसलात, ते तुम्हीच सांगू शकाल." तेव्हा आजचे हे भाषण म्हणजे निम्मे भाषण आणि निम्मी कबुली आहे, असे समजावे.

आमचा खंड्या आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या परिचयाचा होता. २०१४ साली पावसात आमच्या फाटकाशी कुडकुडत बसलेले ते पिल्लू मुलांनी घरात आणले आणि ते घरचेच झाले. अंगाने गावठी, पण कान मात्र लांब आणि खाली पडलेले. "याच्या वंशात कोणीतरी साहेबी कुत्रा होऊन गेला असावा," असे आमचे यजमान म्हणत. त्या लांब कानांचे आम्हांला फार कौतुक. पुढे तेच कान त्याला आणि आम्हांला भोवतील, अशी कल्पना नव्हती.

२०१९ चा पावसाळा आठवतो ना? सांगली-कोल्हापुरास महापूर आला होता आणि आपल्या साताऱ्यातही पाऊस उसंत देत नव्हता. त्या श्रावणात खंड्या सारखी मान झटकू लागला. रात्री सगळे निजले की त्याचे कान फटफट आपटल्याचा आवाज येई. मागच्या पायाने कान खाजवायचा आणि खाजवता खाजवता कण्हायचा. जवळ घेतले की आंबलेल्या पिठासारखा वास येई. आत डोकावले तर तपकिरी, चिकट मळ दिसला.

मी काय केले? आपण सगळ्या जणी जे केले असते तेच. आमच्या सासूबाई मुलांचा कान दुखला की खोबरेल तेलात लसूण तळून ते कोमट तेल कानात घालीत. मी ते तीन दिवस घातले. गुण येईना. मग कपाटातला औषधांचा डबा काढला. आदल्या वर्षी यजमानांचा कान दुखत होता, त्या वेळच्या औषधाची बाटली निम्मी उरली होती. ती फेकायची कशाला? महागाचे औषध, कानाचेच औषध, आणि कान तो कान! असा विचार करून मी रोज दोन वेळा पाच-सहा थेंब त्याच्या कानात घालू लागले. दोन-तीन दिवसांनी त्याने मान झटकणे सोडले. तो अगदी शांत झाला. मी सगळ्यांना मोठ्या आनंदाने सांगितले, की गुण आला.

भगिनींनो, तो शांत झाला नव्हता. तो खाटेखाली जाऊन पडला होता. मान झटकली की दुखते, म्हणून झटकीत नव्हता. नवव्या दिवशी सकाळी तो बाहेर आला तो मान डावीकडे वाकडी करून. चार पावले गोल फिरला आणि उंबरठ्यावर कोसळला. तेव्हा आम्ही रिक्षा करून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर रागावले नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटले. खंड्या कानाला हात लावू देईना, म्हणून त्याला भूल द्यावी लागली. कान धुऊन आत पाहिले तेव्हा कानाचा पडदा फाटलेला दिसला. मळ काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात बुरशीही होती आणि जंतूही. मी विचारले, "डॉक्टरसाहेब, हे माझ्या औषधाने झाले का?" ते म्हणाले, "पडदा आधी फाटला की नंतर, इजा रोगाने झाली की औषधाने, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पण काही औषधे अशी असतात, की पडदा फाटलेला असताना ती आत गेली तर ऐकू येण्याच्या नसेला आणि शरीराचा तोल राखणाऱ्या भागाला अपाय होतो. पहिल्या आठवड्यात आणला असतात तर बहुधा दोन-तीन आठवड्यांचे काम होते."

खंड्या त्यातून वाचला. मान थोडी वाकडी राहिली, पण तो चालू लागला, खाऊ लागला. मात्र डाव्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आले नाही. डावीकडून हाक मारली की तो उजवीकडे वळून शोधायचा. २०२४ साली तो गेला. तोपर्यंतची पाच वर्षे त्याला हाक मारताना मला दर वेळी ती बाटली आठवली.

आता आपण म्हणाल, की मग कुत्र्याच्या कानाचे औषध घरी करूच नये काय? तसे मुळीच नाही. उलट कानाच्या दुखण्याचे बरेचसे औषध घरीच करावयाचे असते. डॉक्टर एकदा-दोनदा पाहणार; रोजचे थेंब घरच्या बाईलाच घालावे लागतात. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की औषध घरी घालावे, पण रोग कोणता ते घरी ठरवू नये.

हे का, ते समजण्यासाठी कुत्र्याचा कान कसा असतो ते पाहू. आपल्या कानाची नळी आखूड आणि बरीचशी सरळ असते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. त्या वळणापलीकडे पडदा असतो. आपल्याला बाहेरून दिसते ते फक्त जिन्याचे तोंड. खालची खोली दिसत नाही. त्यात कान पाळीने झाकलेला असला की आत वारा जात नाही. ऊब, ओल आणि मळ या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते पावसाळ्यात लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या बाईला मी सांगायला नको. आणि अशा जागी मी तेल घातले! तेल आत साचून राहते, ओल धरून ठेवते आणि डॉक्टरांना आतले काही दिसू देत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की वरून एकसारखी दिसणारी दुखणी आतून वेगवेगळी असतात. तपकिरी, तेलकट आणि आंबूस वासाचा मळ असला तर बहुधा बुरशी असते. पिवळट-हिरवट पू आणि घाण वास असला तर बहुधा जंतू असतात. वाळलेल्या कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ आणि अतोनात खाज असली तर कानात होणारे अगदी बारीक किडे, ज्यांना माइट म्हणतात, ते असू शकतात. कधी कानात गोचीड बसलेला असतो, कधी गवताचे कुसळ शिरलेले असते. मी दर वेळी "बहुधा" म्हणते, कारण डोळ्यांनी पाहून खात्री होत नाही. आमच्या खंड्याच्या कानात दोन रोग एकत्र होते. जंतूंवरचे औषध बुरशीला लागू पडत नाही, आणि बुरशीवरचे औषध किड्यांना लागू पडत नाही. डॉक्टर जी बाटली देतात तिच्यात पुष्कळदा तीन औषधे एकत्र असतात: एक जंतूंवर, एक बुरशीवर आणि एक सूज व खाज कमी करणारे. त्यांतले कोणते, किती आणि किती दिवस, हे त्या काचेच्या पट्टीवरून ठरते. आणि पडदा शाबूत आहे की नाही, हे पाहिल्यावरच ठरते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी मला पुढे समजावून सांगितली. ज्या कुत्र्याचे कान पुन:पुन्हा बिघडतात त्याचे मूळ दुखणे पुष्कळदा कानात नसतेच; ते कातडीत असते. आपल्यापैकी कोणाला धुळीने शिंका येतात, कोणाला वांगे सोसत नाही, तसे कुत्र्यांनाही असते. असे कुत्रे पंजे चाटते, काखेत खाजवते आणि वर्षातून दोन-तीनदा कान धरते. तेव्हा "दर पावसाळ्यात याचे असेच असते" असे म्हणून सोडून न देता ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता घरी औषध कसे घालावे, ते सांगते. हे मी डॉक्टरांकडून शिकले आणि नंतर आठवडेच्या आठवडे केले.

डॉक्टरांनी कान धुण्याचे पातळ औषध दिले असेल तर ते आधी वापरावे. बाटली थोडा वेळ हातात धरून ठेवावी, म्हणजे औषध गार लागत नाही. कुत्र्याला कोपऱ्यात, आपल्याकडे पाठ करून बसवावे. दुसरे माणूस धरायला असले तर फार बरे. कानाची पाळी हळूच वर उचलावी, म्हणजे आतली नळी सरळ होते. सांगितले असेल तेवढे औषध आत सोडावे. मात्र बाटलीचे टोक कानाला टेकवू नये. मग कानाच्या बुडाशी, बाहेरून, अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळावे. आतून पचपच आवाज आला की औषध पोचले असे समजावे. नंतर कुत्र्याला सोडावे आणि आपण दूर व्हावे, कारण ते जोराने मान झटकणार आणि सगळा मळ भिंतीवर उडणार. मी त्या वेळी एक जुनी साडी पांघरीत असे. शेवटी कापसाच्या बोळ्याने, आपले बोट सहज पोचेल तिथपर्यंतच, कान पुसून घ्यावा. काडीला कापूस लावून आत घालू नये. त्याने मळ निघत नाही, उलट वळणापलीकडे ढकलला जातो.

कान थोडा वेळ वाळू द्यावा आणि मग औषधाचे थेंब मोजून घालावे. पुन्हा बुडाशी चोळावे आणि शक्य तर दोन-तीन मिनिटे मान धरून ठेवावी. हे झाले की लगेच चपातीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा घास द्यावा आणि तोंडभर कौतुक करावे. पहिल्या दिवशी खंड्या बाटली पाहून पळाला होता. आठव्या दिवशी बाटली काढली की आपण होऊन येऊन बसू लागला. अर्थात औषधासाठी नव्हे, अंड्यासाठी.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज खूण करावी. हे मी मुद्दाम सांगते. चार-पाच दिवसांत वास जातो, खाज थांबते आणि आपल्याला वाटते, झाले. तिथेच औषध बंद केले की आत दडून राहिलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि पुढच्या खेपेला त्याच औषधाला दाद देईनासे होतात. सांगितलेले सर्व दिवस पुरे करावे आणि शेवटी कान पुन्हा दाखवून घ्यावा. बरे झाले की नाही, हेही त्या काचेच्या पट्टीवरच कळते. माइट निघाले तर घरातल्या सर्व कुत्र्यामांजरांना औषध द्यावे लागते, कारण ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

काय करू नये, तेही थोडक्यात सांगते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर ही सोललेल्या कातडीला झोंबतात. ती घालू नयेत. मोबाईलवर सकाळी "सुप्रभात" बरोबर जे उपाय येतात, त्यांतले हळद-कांदा-लिंबू कानात पिळू नये. आपल्या दुखण्याच्या गोळ्या जनावरांना देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराच्या प्राणावर बेतू शकते. आणि कान दुखणारे कुत्रे कितीही गुणी असले तरी चावू शकते, हे विसरू नये. चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घेण्याविषयी विचारावे. "आपलेच तर कुत्रे" म्हणून घरी बसू नये. कुत्र्यालाही दर वर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी.

मान वाकडी झाली, तोल जाऊ लागला, कानातून रक्त आले, पाळी फुग्यासारखी फुगली किंवा कुत्रे कानाला हात लावताच किंचाळू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पाळी फुगते ती जोराने खाजवून आत रक्त साकळल्याने. ती घरी सुईने फोडू नये.

आता शेवटची गोष्ट. ती मी समोर बसलेल्या आमच्या शेजारच्या वहिनींच्या परवानगीने सांगते.

खंड्या बरा झाल्यानंतरच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, वहिनी आमच्याकडे आल्या. त्यांची चिंगी कान झटकीत होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या खंड्याचे औषध उरले असेल तर द्या ना. डॉक्टरांनीच दिलेले आहे, कुत्र्याचेच आहे. मग काय हरकत?" बाटली खरोखरच उरली होती. आपण शेजारणी एकमेकींना विरजण देतो, वाटीभर साखर देतो, अडीनडीला पैसे देतो. एका बाटलीला नाही कसे म्हणायचे? तरीही मी नाही म्हटले. वहिनींना ते लागले. बाटली फेकीन पण देणार नाही, असा माझा स्वभाव झाला, असे त्यांना वाटले. दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले.

तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या दारात गेले आणि म्हटले, "वहिनी, औषध देणार नाही, पण रिक्षा बोलावली आहे. चिंगीला घेऊन चला." डॉक्टरांनी कानात पाहिले आणि बारीक चिमट्याने एक कुसळ बाहेर काढले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतर गवत वाळते, ते आपण जाणतोच. त्या गवतातून हिंडताना ते शिरले होते. कुसळाचे टोक असे असते, की ते आतच सरकत जाते. मागे येत नाही. डॉक्टर म्हणाले, "वर औषध घालीत बसला असतात, तर हे पडद्यातून पार गेले असते." परतताना रिक्षात वहिनी काही बोलल्या नाहीत. चिंगीला मांडीवर घेऊन त्यांनी नुसता माझा हात धरला. मला मात्र त्या वेळी खंड्याचीच आठवण येत होती. चिंगीसाठी रिक्षा तिसऱ्या दिवशी आली. खंड्यासाठी ती बाराव्या दिवशी आली होती.

भगिनींनो, कुणी म्हणतात, कुत्र्याला कसला आला आहे डॉक्टर! मुंबईला परळ येथे पशुवैद्यकाचे महाविद्यालय १८८६ साली निघाले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे काही कालपरवा आलेली नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखानेही आहेत. ते केवळ गाईम्हशींसाठी नाहीत. खर्चाची अडचण मी जाणते. पण खंड्याला भूल देण्याला, कान धुण्याला आणि पुढच्या औषधांना जो पैसा लागला, त्याच्या कितीतरी थोड्या पैशांत पहिल्या आठवड्याची तपासणी झाली असती.

मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही, असे आपण म्हणतो. माझा अनुभव निराळा आहे. खंड्या मला बारा दिवस सांगत होता. मान झटकून सांगत होता, कण्हून सांगत होता, शेवटी खाटेखाली जाऊन सांगत होता. ऐकू येत नव्हते ते मलाच.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडावा आणि त्यातल्या उरलेल्या, अर्ध्या राहिलेल्या बाटल्या बाजूला काढाव्या. आणि शेजारीण औषध मागायला आली तर तिला बाटली देऊ नये. तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. शेजारधर्म त्यातच अधिक आहे.